सात वर्षांनी पणजीला

गोवा मोकळा झाला, त्याच्या पुढच्याच मे महिन्यात आम्ही तिघे मित्र पणजी बघायला निघालो. मी मालवणला प्राथमिक शाळेत मास्तर. गोपाळ धामापूरचा, घरचे काजू-आंबे सांभाळणारा. भिकू देवबागचा, पिढ्यान्‌पिढ्या होडीवर पोट असलेला. मला आणि गोपाळला नुसती मौज करायची होती. भिकूला मात्र काम होतं. त्याची थोरली बहीण शांताबाय पणजीत दिलेली. सीमा बंद झाल्यापासून सात वर्षं तिने माहेर पाहिलं नव्हतं आणि मधल्या काळात त्यांचे वडील वारले होते. "बायेक घेऊन ये," एवढंच आईने निघताना सांगितलं होतं.

कसालला गाडी बदलली. लेकीसाठी आईने दिलेली आगळाची (मीठ घातलेल्या कोकमाच्या रसाची) बाटली माझ्या पिशवीत होती. सावंतवाडीच्या अलीकडे तिचं बूच उडालं आणि पिशवीतला माझा पांढरा सदरा गुलाबी झाला. अंगातला सदरा धुळीने तांबडा झालेलाच होता. त्यातल्या त्यात बरा कुठला, असं मी गोपाळला विचारलं, तर तो बांदा येईपर्यंत नुसता हसत राहिला. शेवटी मी गुलाबीच घातला.

पत्रादेवीला सीमेवरचा आडवा दांडा काढून रस्त्याकडेला टाकला होता. पलीकडे जाऊन आम्ही कारेरात (तिकडच्या बसमध्ये) बसलो. म्हापशावरून बेतीला उतरलो तर समोर मांडवी, आणि तिच्या पलीकडे पणजी. लाल कौलं, पिवळ्या-निळ्या भिंती, खिडक्यांना पांढऱ्या चौकटी. गॅसोलिनीत (मोटर लाँचमध्ये) एक म्हातारे गृहस्थ शेजारी बसले.

"खंयचे तुमी?"

"मालवणचे."

"आमची सून थंयचीच. बरी रांदता, पूण तिखट चड." (चांगलं रांधते, पण तिखट फार.)

"तिखट नाय तर माशाक चव खंयची?" गोपाळ म्हणाला. धक्का येईपर्यंत दोघांचा वाद चालला आणि उतरताना म्हाताऱ्यांनी त्यालाच चांगल्या खाणावळीचा पत्ता दिला.

तिथे भात आणि सुंगटांचं हुमण (कोळंबीची आमटी) इतकं जेवलो की उठवेना. आता बहिणीकडे जाऊ म्हटलं, तर भिकूला टेकडीवरचं चर्च बघायचं होतं. ते बघितलं. मग त्याला समुद्र बघायचा होता. देवबागच्या माणसाला, जो एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र घेऊन झोपतो. वाळूत बसल्यावर तो म्हणाला, "माका तिच्या घराक जाऊचा भय वाटता."

मग त्याने सांगितलं. वडील शेवटचे तीन दिवस शांताबायचं नाव घेत होते. तेव्हा त्याने तिला कळवलं नाही. सगळं आटोपल्यावर पत्र टाकलं.

गोपाळ उठला, कपडे झाडले आणि म्हणाला, "चल रे. आम्ही आसंव."

पणजीच्या मळा भागात तिचं घर सापडलं. पुढच्या खोलीत तिचे यजमान मशीनवर कपडे शिवत होते. आतून शांताबाय आली, दारातच थांबली आणि भावाकडे बघत राहिली.

"केस कित्याक पांढरे झाले रे तुझे?" ती म्हणाली.

भिकूने बसायच्या आतच सगळं सांगून टाकलं. "तेव्हा कळवलंय असतंय तर तू धावत सुटली असतीस, बाय. आणि सीमेवर तुका सोडूचे नाय."

"पत्र माका दोन म्हयन्यांनी गावला," ती म्हणाली. "त्या दिवशी बाबांच्या नावान भायर बावीवर (विहिरीवर) एकटीच न्हालंय. सांजेक ह्यांका जेवण वाढलंय." मग तिने विचारलं, "तीन दिस नाव घेत होते?"

"तीन दिस."

"ह्या तू पत्रात लिवक नाय." तिने डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं आणि अंगातला तो गुलाबी सदरा काढून द्यायला सांगितला. आगळाचा डाग तिने लिंबू लावून चोळचोळून धुतला, तेव्हाच तिचा हुंदका फुटला. भिकू बावीवर तिच्या शेजारी पाणी ओढत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबर निघाली. पत्रादेवीला कारेरातून उतरून अलीकडची गाडी धरायची होती. पाचपन्नास पावलांचं अंतर. अर्ध्या वाटेत ती थांबली, मागे बघितलं, पुढे बघितलं. "इतक्याच?" (एवढंच अंतर?) तिने विचारलं. भिकू मान खाली घालून "इतक्याच" म्हणाला. मग तिने त्याच्या हातातली आपली पिशवी काढून घेतली, दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच अलीकडे आणलं.

शाळा उघडल्यावर मुलांनी पणजीत काय पाहिलं म्हणून विचारलं. मी चर्च सांगितलं, मांडवी सांगितली, रंगीत घरं सांगितली. मुलांना ती आवडली. मला मात्र बोलताना सारखी रस्त्याच्या मधोमध उभी राहिलेली शांताबाय दिसत होती. ती कशी सांगायची, ते मला त्या दिवशी सुचलं नाही.