पांढरं छत

आमच्या घरात सगळ्यांच्या कपड्यांवर काळे डाग असत, माझ्या शाळेच्या सदऱ्यावरसुद्धा. यावलकडच्या गावात दुसऱ्याच्या बागेत केळी कापायची, घड डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहायचे, ही आमची कमाई. केळीचा चीक लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दिसतच नाही. दुसऱ्या दिवशी काळा पडतो, आणि मग कापड फाटेपर्यंत जात नाही.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, यातून सुटायचा एकच रस्ता होता. त्यांच्याकडे गाडी चालवायचं लायसन होतं. बागेच्या मालकांच्या पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडरवर ते अधूनमधून जात. कायमचा ड्रायव्हर करतो, असं मालक म्हणालेही होते. एका सकाळी घड कापून, हात धुऊन आबा गाडीवर गेले. आतला दिवा लागत नव्हता, म्हणून छताच्या कापडाला डावा तळहात टेकवून त्यांनी उजव्या हातानं दिवा ठोकला. दिवा लागला. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कापडावर काळा पंजा उमटला होता.

"तू बागेतच बरा," मालक म्हणाले आणि किल्ली काढून घेतली.

मी अमळनेरला शिकलो. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. नरडाण्याला नोकरी लागली, धुळ्यात घर केलं, आणि यात कुणाचे उपकार नाहीत. मालकांच्या मुलानं ती जुनी गाडी विकायची ठरवली तेव्हा ती मीच घेतली. छताचं कापड लोंबत होतं, पंजा मात्र तसाच. तो गेलेला आबांना दाखवायचा, एवढंच माझ्या मनात होतं.

धुळ्यातल्या कुशनवाल्यानं काचा उतरवून जुनं कापड सोडवलं. या गाडीचं छत नुसतं चिकटवून भागत नाही. कापडाला आतून पट्ट्या शिवून त्यात लोखंडी सळ्या घालतात, त्यावर कापड टांगतात, मग चारी बाजूंनी ओढत कडा चिकटवतात.

"भाऊ, मळखाऊ रंग ल्या," तो म्हणाला. "धवया रंग आठे टिकस का?"

"पांढराच टाका. वडिलांसाठी आहे."

"मंग त्यासले इचारी ल्या."

मी विचारलं नाही. त्यात काय विचारायचं, असं वाटलं.

कापड बसलं तरी थोड्या सुरकुत्या राहिल्या होत्या. त्यानं गाडी उन्हात लावली. "ऊनच इस्तरी करस," म्हणाला. दुपार कलेपर्यंत छत ढोलकीसारखं ताणलं गेलं.

गाडी गावी नेली. आबांनी दारातूनच वाकून वर पाहिलं. पंजा नव्हता. ते म्हणाले, "थांब जरा." घरात गेले आणि राख लावून हात घासू लागले. बागेत जाणं सुटून किती वर्षं झाली होती.

"आता कुठला चीक?" आई हसली. "केळीनंच तुम्हाले सोडून दिलं."

"चीक दिसत नाही वं," आबा म्हणाले.

ड्रायव्हरच्या सीटवर ते बसले नाहीत. गुडघा आता क्लच दाबू देत नाही. मागे बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"हात लावून पाहा ना आबा, कसं ताणलंय."

"नको. पांढरं आहे ते."

त्यांना फिरवायला मी गाडी जळगावकडे घेतली. वाटेत दोन्ही बाजूंना बागा होत्या. खड्ड्यांत गाडी आदळत होती, आबा डोलत होते, पण आधाराला त्यांनी वरचा पट्टा काही धरला नाही. आरशात मला ते दिसत होते. मळखाऊ रंग घेतला असता तर ते मोकळे बसले असते, हे मला त्या रस्त्यावर कळलं. आणि त्यांचा गुडघा धड होता तेव्हा ही गाडी मला घेता आली नाही, हे तर कुठल्याच कापडानं झाकलं जाणार नव्हतं.

छत बसलं. गाडी माझ्या नावावर आहे, आणि आबा तिच्यात बसून जळगावला जाऊन आले.