मोठ्यानं का मनात?

नर्सम्मा डोळे उघडे ठेवून प्रार्थना करत. चर्चमध्ये आम्ही सगळे डोळे मिटून, मान खाली घालून उभे राहणारे. या मात्र रोज पहाटे उंबरठ्यावर पाय पसरून बसत, मांडीवर सूप घेऊन ज्वारीतले खडे वेचत आणि वेचता वेचता देवाशी बोलत. तेही खणखणीत आवाजात. "डोळे मिटले का मले झोप येते," त्या म्हणत. "अन् ज्या माणसायसाठी मागाचं, ते तर समोरच दिसून राह्यले."

मिशनच्या दवाखान्यातून नर्स म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या. मूलबाळ नव्हतं, नवरा केव्हाच गेलेला. लग्नानंतर आदिलाबादला आलो तेव्हा आम्ही त्यांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मी शाळेच्या ऑफिसात कामाला. पहिल्याच पहाटे आमची नावं बाहेरून ऐकू आली आणि मी दचकून उठले. नर्सम्मा गल्लीतल्या प्रत्येक घराचं नाव घेत, हिंदू-मुसलमान-ख्रिस्ती न पाहता. स्वतःचं गाऱ्हाणं तेलुगूत, 'प्रभुवा' म्हणून. गल्लीचं मराठीत. ऑफिसातल्या साहेबांसाठी हिंदीत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "ज्याचं काम त्याच्या भाषेत. मधात दुभाष्या काऊन पाह्यजे?"

गल्लीला त्याची सवयच झाली होती. कोपऱ्यावरचे किराणावाले गंगाधरसेठ एकदा थेट दारात आले. "नर्सम्मा, काल माझं नाव काऊन गाळलं? दिवसभर गिऱ्हाईक फिरकलं नाई."

"तुमची तुरीची दाळ किडकी निघाली, सेठ. मले राग होता. रागात नाव घेतलं असतं तं देवच घाबरला असता."

"मंग आज?"

"आज घेतलं. दाळीसकट."

मला प्रत्येक कामाची यादी करायची सवय आहे. प्रार्थना मात्र माझ्या कुठल्याच यादीत नव्हती. रविवारी चर्च, बाकी वेळ मिळेल तशी. हे नर्सम्मांना सांगितलं तर त्या हसल्या. "वेळ मिळत नसते, बाई. मुतखड्यासारखा काढा लागते." मग मी कामाला लागले आणि देवाकडे मागायच्या गोष्टी नीट क्रमानं लिहून काढल्या. त्यांनी कागद पाहिला आणि परत दिला. "हा किराणा हाय का? आधी तू कसा हाएस म्हणून तरी विचार त्याले. जेवतो आपण रोज, अन् जो जेवाले देते त्याच्याशी बोलणं आठवड्यातून एकदा?" तेव्हापासून चहा ठेवण्याआधी मी खोलीत बसू लागले. मनातल्या मनात. मोठ्यानं प्रार्थना करायचा मला संकोच वाटे, चर्चमध्येसुद्धा.

भिंतीपलीकडे शकुनबाई राहत. गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा होता. पहाटे अंगणात बसून त्या मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत. त्यांच्या लेकीला, वनिताला, कधीमधी फेफरं येई. हे त्यांनी एकट्या नर्सम्मांना सांगितलं होतं, तेही शपथ घालून. नर्सम्मांनी वनिताला सरकारी दवाखान्यात नेलं, गोळ्या चालू केल्या आणि बजावलं, "मी प्रार्थना करून राह्यली म्हणून तू गोळी सोडाची नाई." प्रार्थनेत मात्र त्या शब्द जपून वापरत. 'वनिताले बरं वाटू दे,' एवढंच.

एकदा वनिताला पाहायला तलमडुगूचे पाहुणे आले आणि रात्री मुक्कामाला राहिले. नर्सम्मांना पाहुणे आल्याचं ठाऊक होतं, मुक्कामाचं नव्हतं. पोरीचं जमावं म्हणून जीव तुटत होता त्यांचा. त्या भरात पहाटे नको ते शब्द तोंडातून सुटले. "देवा, या पोरीचं फेफरं जाऊ दे. लग्नानंतर तिले कोनी टाकून देऊ नये." भिंतीपलीकडे पाहुणे तोंड धूत होते. ते चहासुद्धा न घेता निघाले.

शकुनबाई भिंतीशी आल्या. त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "तुमच्या देवाले कमी ऐकू येते का, बाई? मनात सांगितलं असतं तं पोचलं नसतं?"

नर्सम्मांनी हात जोडले. "चुकली, शकुनबाई. माझीच चूक हाय."

"आमच्या घराचं नाव घेऊ नका यापुढं." त्या आत गेल्या. भिंतीवरून भाजी येणं बंद झालं, बोलणं बंद झालं.

मी व्यवहारी सल्ला दिला, की प्रकरण निवेपर्यंत पहाटेचं बसणं थांबवा. त्या म्हणाल्या, "एका रोग्याले चुकीचं टोचलं म्हणून दवाखाना बंद करते का कोनी? हात धुऊन पुन्हा लागा लागते. अन् चूक झाली त्या दिवशी तं देवाशी जास्तच बोला लागते."

दुसऱ्या पहाटे त्या उंबरठ्यावर होत्याच. पण रीत बदलली. त्या रोज संध्याकाळी गल्लीतून फिरू लागल्या आणि दारोदार विचारू लागल्या, "उद्या काय सांगू देवाले? मोठ्यानं का मनात?" लोकांना याची भारी मजा वाटे. गंगाधरसेठ म्हणत, "धंद्याचं मोठ्यानं, बायकोचं मनात." शकुनबाईंच्या फाटकापाशी नर्सम्मा क्षणभर थांबत आणि न विचारता पुढे जात. सगळी नावं घेऊन झाली की पहाटे त्या थोडा वेळ गप्प बसत. त्या गप्प बसण्यात कोण आहे हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. शकुनबाईंनाही कळत असावं, कारण तेवढा वेळ पलीकडच्या जुड्यांची सळसळ थांबे.

कापसाचा एक हंगाम असाच गेला. मग एका संध्याकाळी शकुनबाई स्वतःच उंबरठ्याशी आल्या. बसल्या नाहीत.

"उद्या पाहुणे येऊन राह्यले. आदिलाबादचेच हाय. या बारीले मीच सांगनार त्यायले, फेफऱ्याचं अन् गोळ्यायचं, सगळं." पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं. "पोरीचं नाव नका घेऊ. माझं घ्या. सांगाची हिंमत पाह्यजे मले."

नर्सम्मा उठून उभ्या राहिल्या. "मोठ्यानं का मनात?"

"मोठ्यानं. आता काय राह्यलं लपवाले?"

शकुनबाईंनी सांगितलं. पाहुण्यांनी दोन दिवस मागितले, डॉक्टरला विचारलं आणि होकार कळवला. वनिता आता याच गावात नांदते, गोळी वेळेवर घेते. देवानं केलं की गोळीनं, असं मी नर्सम्मांना विचारलं होतं. "तू हिशेब काऊन करून राह्यली? दोघायलेबी धन्यवाद दे," असं उत्तर मिळालं.

गेल्या वर्षी नर्सम्मांचे गुडघे फारच धरले. बेज्जूरहून भाची आली आणि त्यांना कायमची घेऊन गेली. सामान मी बांधलं, यादी करून. मोठ्यानं रडणारं कोणी नव्हतं. शकुनबाईंनी मेथीची पिशवी गाडीत ठेवली आणि वळून न पाहता आत गेल्या.

दुसऱ्या पहाटे मी नेहमीसारखी खोलीत बसले होते. बाहेरून हाक आली. "सुलोचनाबाई! आज नावं नाई घेतली कोनी?"

मी बाहेर आले. भिंतीपलीकडे शकुनबाई जुडी हातात धरून बसल्या होत्या. म्हटलं, "मला मोठ्यानं जमत नाही हो."

"तिले बी पहिल्या दिवशी जमलं नसन. बसा."

मी उंबरठ्यावर बसले. डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत तेही सुचेना. मग अडखळत एकेक घराचं नाव घेतलं. गंगाधरसेठ, शकुनबाई, सासरी गेलेली वनिता. शेवटी बेज्जूरला गेलेल्या नर्सम्मांना सुखात ठेव, असं म्हटलं आणि आमेन म्हणायला तोंड उघडलं.

"थांबा," भिंतीपलीकडून आवाज आला. "तिच्या गुडघ्यायचं राह्यलं."