सर म्हणतात

या गोष्टीत ज्या सरांचं नाव सारखं येणार आहे, ते सर कधी जन्मालाच आले नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच शेवटपर्यंत तुम्हाला ताटकळत ठेवण्यात काय हशील? एक टेबल होतं, एक जुना कॉम्प्युटर होता, एक फोन होता आणि बाई होत्या. बस्स.

बाई म्हणजे मध्यवर्ती वाचनालयातल्या यादीवाल्या बाई. पुस्तकांच्या याद्या करायला म्हणून लागल्या आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांची खोली तळमजल्यावर, बाइंडिंगच्या खोलीला लागून. मध्ये नुसती फळ्यांची भिंत, त्यामुळे दिवसभर खळीचा वास आणि बाइंडर काकांचं गुणगुणणं त्यांच्या वाट्याला. वाचनालयाच्या एकतीस शाखा होत्या आणि त्या एकतीसही शाखांत पुस्तकं देण्याघेण्याचा जो प्रोग्रॅम चालायचा, तो याच खोलीतून चालायचा.

नऊ वर्षांपूर्वी रजिस्टरं सोडून कॉम्प्युटर धरायचं ठरलं, तेव्हा ते कुणी करायचं यावर बरीच चर्चा झाली. बाई म्हणाल्या, मी करते. तेव्हाचे मुख्य ग्रंथपाल चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, तुम्ही काउंटर सांभाळा, प्रोग्रॅमचं कुणीतरी बघेल." ते कुणीतरी काही उगवलं नाही. मग बाईंनीच ओपन सोर्स प्रोग्रॅम शोधून काढला. ओपन सोर्स म्हणजे काय, तर आतलं सगळं उघडं. कुणीही वाचावं, हवं तसं बदलावं, बदल चांगला वाटला तर सगळ्यांसाठी पाठवावा. सहा महिने पहाटे उठून, चहाचं आधण ठेवता ठेवता बाई तो शिकल्या. जुन्या रजिस्टरातले रकाने एकेक करून त्यात बसवले. सासूबाई म्हणायच्या, "सकाळी सकाळी काय ते टकटक? आधी डबे भर."

प्रोग्रॅम सुरू झाला त्याच आठवड्यात एका शाखेतल्या वरिष्ठांचा फोन आला. सभासदांची कार्डं छापली जात नव्हती.

"प्रिंटर बंद करा, दहापर्यंत मोजा, परत चालू करा," बाई म्हणाल्या.

"ताई, जरा सरांना द्या ना फोन."

"सर कुणी नाहीत इथे. मीच बघते."

"अहो, कामाचं आहे. चेष्टा करू नका." आणि फोन ठेवून दिला. दहा मिनिटांनी परत तेच, सरांना द्या. बाईंचं डोकं फिरलं. त्या म्हणाल्या, "थांबा हं, सरांना विचारते." रिसीव्हर टेबलावर ठेवला, चहाचे दोन घोट घेतले, परत उचलला. "सर म्हणतात, प्रिंटर बंद करा, दहापर्यंत मोजा, परत चालू करा."

"हां! बघा, हे कसं बरोबर सांगितलं!"

आता तुम्हीच सांगा, अशा माणसापुढे काय डोकं आपटायचं? बाईंनी नाही आपटलं. त्यांना युक्ती सापडली होती. त्या दिवसापासून फोन आला की रिसीव्हर टेबलावर, दोन घोट चहा, आणि मग "सर म्हणतात." एकतीस शाखा कशा सुतासारख्या सरळ आल्या. सर हळूहळू अंगाने भरू लागले. सरांना उन्हाळ्यात सर्दी व्हायची, सर शनिवारी लवकर जायचे, सरांना घाई केलेली खपायची नाही. एकदा तर एका शाखेला शंका आली, तेव्हा भिंतीपलीकडून बाइंडर काका असे काही घसा साफ करून खोकले की शंका जागच्या जागी विरली. बदल मंजूर करणाऱ्याचं नाव प्रोग्रॅम विचारायचा, तिथेही बाईंनी खोडसाळपणाने 'सर' असंच टाकून ठेवलं होतं. नऊ वर्षांत चारशे बदल झाले आणि चारशेच्या चारशे बदलांपुढे 'सर'. घरी सासूबाई म्हणायच्या, "तुझे सर भारीच हुशार गं. एकदा जेवायला बोलव." बाई हो म्हणायच्या. खरं सांगायला तोंड उघडायच्या आणि मग भाजी ढवळायच्या.

इथपर्यंत सगळी गंमत होती. गंमतच म्हणा हवं तर.

मग नदीपलीकडच्या शाखेत एक मुलगी लागली. चोवीस-पंचवीसची असेल. बाईंनी तिला पाहिलं नव्हतं, नुसता आवाज ओळखीचा झाला होता. बोलताना मधेच हसायची. एक दिवस फोन आला.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"बायकांचा फॉर्म भरताना 'पती किंवा वडील' हा रकाना रिकामा ठेवला की प्रोग्रॅम पुढे जातच नाही. पुरुषांना मात्र काहीच विचारत नाही. आमच्याकडे लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या एक मावशी येतात. नवऱ्याचं घर सोडलंय, आणि वडिलांनी दारात उभं केलं नाही. त्या म्हणतात, या दोघांचं नाव मी कशाला लिहू? मग कार्डच निघत नाही. दर शनिवारी कपाटाला टेकून उभ्याने वाचतात बिचाऱ्या. म्हणून मी आतलं उघडून बघितलं. सात ओळी बदलल्या की झालं. पाठवलंय तुमच्याकडे."

"तू आतलं बघितलंस?"

"उघडंच तर आहे की सगळं! आणि बाई, सरांना सांगू नका हं, पण हे लिहिणारा पक्का पुरुषच असणार. बाईच्या हातून असं व्हायचंच नाही." आणि ती मोकळेपणाने हसली.

बाई हसल्या नाहीत. त्यांचे कान तापले. तो रकाना त्यांनीच लिहिला होता. जुन्या रजिस्टरात होता तसाच, नऊ वर्षांपूर्वीच्या एका पहाटे, आधण उकळत असताना. त्या फॉर्मवर तर त्यांचा सगळ्यांत जास्त जीव होता. तो रकाना पुरुषांना का नाही, असा प्रश्न नऊ वर्षांत त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता, आणि ही कालची पोर येऊन हसत हसत सांगत होती.

"थांब हं," त्या म्हणाल्या. "सरांना विचारते."

रिसीव्हर टेबलावर ठेवला. या वेळी चहा घेतला नाही. पडद्यावर त्या सात ओळी होत्या. बाईंनी दोनदा वाचल्या, कुठे काही खोट सापडते का म्हणून. सापडली नाही. आपण खोट शोधतोय हेही त्यांच्या लक्षात आलं, आणि तरीही त्यांनी रिसीव्हर उचलला.

"सर म्हणतात, आत्ता नको. आधी सगळा प्रोग्रॅम नीट समजून घे."

दुसरी कुणी असती तर नाद सोडला असता. हिने खरोखरच समजून घेतला! दीड महिन्याने तीच दुरुस्ती परत पाठवली, सोबत तिच्या शाखेत करून बघितलेल्या चाचण्या. सर म्हणाले, बाकीच्या शाखांचा गोंधळ उडेल. तिने गोंधळ का उडणार नाही ते दोन पानं भरून लिहून पाठवलं आणि वर फोन केला. बाईंकडे आता कारणच उरलं नव्हतं. कारण संपलं की माणूस काय बोलतो ते बघा.

"सर म्हणतात, तू काउंटर सांभाळ. प्रोग्रॅमचं आम्ही बघतो."

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला. मग "बरं बाई," आणि फोन बंद. या खेपेला ती हसली नव्हती.

फोन ठेवल्यावर बाईंच्या लक्षात आलं की हे वाक्य आपलं नाही. हे चष्म्यावरून बघणाऱ्या साहेबांचं. नऊ वर्षं ज्या वाक्याला त्यांनी मनातल्या मनात शिव्या घातल्या, तेच जवळपास तसंच तोंडातून निघालं होतं. भिंतीपलीकडचं गुणगुणणं थांबलं.

"बाई," काकांनी विचारलं, "सर आज फारच चिडले होते का हो?"

"तुम्ही तुमची खळ ढवळा," बाई म्हणाल्या. आवाज नको तितका चढला. काकांनी निमूट खळ ढवळली.

त्यानंतर नदीपलीकडून फोन बंद झाले. दुरुस्ती तशी पाच मिनिटांची होती. बाई रोज सकाळी ती उघडायच्या, बघायच्या, आणि बंद करायच्या. मंजूर करायची म्हणजे इतके दिवस का अडवली हे सांगणं आलं. उद्या करू, म्हणायच्या. शनिवार आला की त्यांना कपाटाला टेकून उभी असलेली, कधी न पाहिलेली ती इस्त्रीवाली मावशी दिसायची. घास गोड लागायचा नाही. अशी लाज वाटायची की नवऱ्याने "काय झालं?" विचारलं तरी त्या त्याच्यावरच डाफरायच्या.

चार महिने गेले. नवे मुख्य ग्रंथपाल आले आणि त्यांनी सगळ्या शाखांना एकत्र बोलावलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. वाचनकक्षातली टेबलं भिंतीला लावली, खुर्च्या मांडल्या, आणि एकतीस शाखांची माणसं येऊन बसली. अडचणी सांगून झाल्या, तसे ते प्रिंटरवाले वरिष्ठ उठले. हातात एक छोटी डबी.

"आम्ही सगळ्यांनी मिळून सरांसाठी पेन आणलंय," ते म्हणाले. "नऊ वर्षं सरांनी सांभाळून घेतलं. आज तरी दर्शन द्या म्हणावं."

"सर?" मुख्य ग्रंथपाल गोंधळले. "कोण सर? प्रोग्रॅमचं सगळं आमच्या बाईच बघतात."

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. बाई उठल्या.

"सर कुणी नाहीत," त्या म्हणाल्या. "कधीच नव्हते. मीच आहे. माझं कुणी ऐकत नव्हतं, म्हणून सरांचं नाव सांगायचे."

आणि असा हशा पिकला म्हणता! "अहो, मग तो खोकायचा कोण?" कुणीतरी ओरडलं. मागे उभ्या असलेल्या बाइंडर काकांनी हात वर केला, तसा दुसरा हशा. प्रिंटरवाले डोळे पुसत म्हणाले, "बाई, धन्य आहे तुमची! आम्हाला बरं बनवलंत!" आणि डबी त्यांच्या हातात कोंबली. टाळ्या थांबेनात. कुणी म्हणालं, चांगली जिरवली आमची. नऊ वर्षं जे ऐकायला त्यांचे कान आसुसले होते, ते सगळं त्या दुपारी मिळालं.

खिडकीजवळ तिसऱ्या रांगेत एक मुलगी बसली होती. सडपातळ, मांडीवर वही. ती टाळ्या वाजवत नव्हती. बाईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं.

चहाला सगळे बाहेर गेले. मुलगी थांबली, जवळ आली.

"बाई, मी नदीपलीकडची. एकच विचारायचं होतं."

"विचार."

"काउंटर सांभाळ, हे मग कोण म्हणालं?"

खोटं बोलायला जागा होती. वरून दबाव होता म्हणता आलं असतं. बाईंनी डबी मुठीत आवळली.

"मीच."

"आणि त्याच्या आधीचे दोन नकार?"

"तेही मीच. तुझी दुरुस्ती पहिल्या दिवसापासून बरोबर होती. तो रकाना मीच लिहिला होता गं. तू चूक काढलीस ते मला सोसलं नाही."

मुलीने मान हलवली. रागावली असती, दोन शब्द सुनावले असते, तर बाईंना बरं वाटलं असतं. ती वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिली.

"मी आईला सांगितलं होतं," ती म्हणाली, "सर तसलेच आहेत, पण बाई आपल्या बाजूच्या आहेत. तुम्ही थांब म्हणायचात ना, आणि मग फोनवर कुणीच नसायचं. मला वाटायचं, बाई आत जाऊन माझ्यासाठी भांडतायत. म्हणूनच एवढा वेळ लागतोय."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. मुलीने वही पिशवीत टाकली, "येते," म्हणाली आणि गेली. चहालाही थांबली नाही.

बाई खाली आपल्या खोलीत आल्या. खुर्चीत बसून पदराने तोंड झाकून रडल्या. भिंतीपलीकडे काका आले होते, पण ते गुणगुणले नाहीत की खोकले नाहीत. मग बाईंनी डोळे पुसले आणि कॉम्प्युटर चालू केला.

दुरुस्ती मंजूर केली, दुरुस्ती करणारी म्हणून त्या मुलीचं नाव घालून. मग बदलांची यादी उघडली. तीन नकार तिथे होते, तिन्हींपुढे 'सर'. या प्रोग्रॅममध्ये झालेली गोष्ट पुसता येत नाही, खाली फक्त नवं लिहिता येतं, आणि ते सगळ्या शाखांना दिसतं. बाईंनी तिन्ही ठिकाणी तेच लिहिलं: 'बदल बरोबर होता. चूक माझी होती, आणि नकारही माझाच.' खाली आपलं पूर्ण नाव घातलं. नऊ वर्षांत, चारशे बदलांच्या त्या यादीत बाईंचं नाव पहिल्यांदाच आलं, आणि आलं ते इथे.

सोमवारी सकाळी एकतीस शाखांनी मशीन चालू केलं, तेव्हा पडद्यावर सगळ्यात वर, नव्यात नवं म्हणून, बाईंनी लिहिलेलं तेच होतं.