वास्तुशांतीतला सभासद

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. ऊसच नव्हता, म्हणून आमचा सहकारी साखर कारखाना बंद होता. तरी चेअरमनसाहेबांनी सभासदांना पुणं दाखवायला बीडहून बस काढली. बसवर फलक होता, 'जलबचत अभ्यास दौरा'. शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग, सगळं ठरलेलं.

माझ्या शेजारी एक वाळका म्हातारा बसला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. बस थांबली की तो आधी गळका नळ शोधायचा आणि दातओठ खाऊन पिळायचा. धाब्यावर तर एकजण तोंड धूत असतानाच त्यानं नळ बंद केला. "तोंडच हाय न्हवं? म्हैस धुतूस का बे?"

मी पोट धरून हसलो.

पुण्यात 'दहा मिनिटं चहाला' म्हणून बस चेअरमनसाहेबांच्या नव्या बंगल्यापाशी थांबली. आत वास्तुशांत होती. पाहुणे पुढारी येणार, मंडप मोठा आणि माणसं कमी, म्हणून आम्ही. अंधार पडेपर्यंत सत्कारांना टाळ्या वाजवल्या. शनिवारवाडा राहिला तिथंच.

बंगल्याच्या हिरवळीवर पाण्याचा पाइप आम्ही आल्यापासून मोकळा वाहत होता. शेवटी म्हातारा उठला. चपला काढून हिरवळीत गेला आणि नळ पिळून आला.

रखवालदार धावला. "ओ आजोबा, घर तुमचं आहे का?"

"व्हय," म्हातारा शांतपणे म्हणाला. "सभासद हाय मी."

रखवालदारानं खात्री करायला आमच्याकडं पाहिलं. सभासद आम्हीही होतो. आम्ही जिलेबी वाढणाऱ्याकडं पाहिलं.