तुरमतीच्या घरट्याची जागा

मादी सकाळपासून ओरडत होती आणि नर येत नव्हता.

आम्ही हाइडमध्ये बसलो होतो. हाइड म्हणजे लपून बसायचा आडोसा. बांबूच्या कामट्या, वर हिरवं कापड, त्यावर तिथलंच गवत, आणि कॅमेऱ्याचं तोंड बाहेर निघेल एवढं भोक. एकोडी गावाजवळच्या गवताच्या रानात तो मीच बांधला होता. नागपूरच्या एक मॅडम पक्ष्यांचे फोटो काढायला येतात, त्यांच्याबरोबर मी काम करते. हाइड बांधायचा, स्टँड उचलायचा, त्या नसतील तेव्हा बसून पाहायचं. फार बोलावं लागत नाही, म्हणून हे काम मला मानवलं.

तुरमती म्हणजे लहान ससाणा. कबुतराएवढा. डोकं विटकरी, पाठ राखाडी, पोटावर बारीक काळे पट्टे. नर-मादी जोडीने शिकार करतात. एक गवतातला चंडोल उठवतो, दुसरा त्याला हवेत धरतो. पिल्लं निघाली की मादी घरट्यापाशी राहते आणि नर एकटा शिकार आणतो. तो लांबून आवाज देतो, ती उडत सामोरी जाते आणि त्याच्या पायातलं पाखरू हवेतच घेते. मॅडमना तो फोटो हवा होता.

घरटं बांधावरच्या जुन्या आंब्यावर होतं. तेही कावळ्याने सोडलेलं. तुरमती स्वतः घरटं बांधत नाही.

मॅडमचा एक नियम होता. घरट्याची जागा कोणाला सांगायची नाही. मागे एका ठिकाणी जागेची बातमी फुटली, फोटोवाल्यांच्या गाड्या आल्या आणि जोडी अंडी टाकून निघून गेली. मी एकदा विचारलं होतं, "मॅडम, गावात तरी सांगू का?"

"एकाला सांगितलं की दहा जणांना कळतं. नकोच."

त्यांचं खोटं नव्हतं.

रानाला लागून देवाजीभाऊचं घर आहे. घरामागे कोंबड्या. मला येता-जाता ते चिडवायचे, "काय वो वहिनी, दिवसभर त्या झुडपात बसून काय करून राहिल्या? अंडे घालता का?" त्यांची बायको आतून हसायची. मी म्हणायची, "पाखरांचे फोटो काढतो," आणि पुढे निघायची.

त्या दिवशी ऊन चढलं तरी नर आला नाही. मादी वाळक्या फांदीवर येऊन बसली. मान लांब केली, चोच उघडली आणि ओरडत राहिली. मॅडमने पटापट फोटो काढले. "लाइट काय सुंदर आहे," त्या हळूच म्हणाल्या. थोड्या वेळाने कॅमेरा खाली ठेवला.

"असा उशीर करतो का गं तो?"

"नाही मॅडम."

पाणी संपलं होतं. मी कॅन घेऊन देवाजीभाऊच्या बोरिंगवर गेले. खुराड्याजवळ एक बांबू रोवला होता. त्याला पाय बांधून एक पक्षी उलटा लटकवला होता. डोकं विटकरी.

"पाहा वहिनी, चोर सापडला!" देवाजीभाऊ गुलेल दाखवत म्हणाले. "रोज एक पिल्लू नेऊन राह्यला होता. आज चिमण्यायच्या मागं घरावर आला, एका गोट्यात पाडला. आता टांगला का दुसरे येत नाहीत."

मी कॅन तिथेच टेकवून बांबूपाशी गेले.

"भाऊ, हा तो नाही. तुमचे पिल्लं नेते तो शिकरा. हा तुरमती होय. हा लहान पाखरं धरते. याचे पिल्लं आंब्यावर हायेत."

"कोणत्या आंब्यावर?"

मी हात केला.

देवाजीभाऊने आंब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तो तं माह्या बांधावरचा आंबा होय. माह्याच झाडावर याचं घर, अन् मलेच माहीत नाही? काहून नाही सांगितलं वो वहिनी? मी कायले मारतो मंग?"

त्यांनीच दोरी सोडली आणि पक्षी माझ्या पदरात ठेवला. तो अजून पुरता थंड झाला नव्हता.

देवाजीभाऊ माझ्याबरोबर हाइडपर्यंत आले. मॅडम त्यांच्यावर रागावल्या नाहीत. "चूक तुमची नाही, भाऊ," एवढंच म्हणाल्या.

"उंदीर मारून झाडाखाली टाकू का? खाईन का ते?"

"खाली पडलेलं ती घेत नाही."

"मंग कावळे तरी हाकलतो."

ते लांबच्या बांधावर जाऊन बसले, हातात तीच गुलेल. पण मादीला आता शिकार करायला दूर जावं लागत होतं, तीही एकटीने. ती गेली की पिल्लं उन्हात उघडी पडायची. कावळ्यांना घाई नव्हती. देवाजीभाऊ एका बाजूने हाकलायचे, ते दुसऱ्या बाजूने यायचे.

एका संध्याकाळी मादी चंडोल घेऊन आली. घरट्याच्या काठावर उभी राहिली, आवाज दिला. आतून एकही चोच वर आली नाही. मग ती चंडोल पायात धरून शेजारच्या फांदीवर बसून राहिली. खाल्लाही नाही. तो फोटो कोणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी ती दिसली नाही.

ओरडणाऱ्या मादीचा फोटो नागपूरच्या एका प्रदर्शनात लागला. मॅडम मला घेऊन गेल्या होत्या. लोक म्हणत होते, किती जिवंत फोटो आहे. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर येऊन उभी राहिले.

आता आमचा नियम थोडा बदलला आहे. घरटं सापडलं की आधी ज्याचं झाड त्याच्या घरी जायचं. त्याला आणि शेजाऱ्यांना पक्षी दाखवायचा. हे काम मॅडमने मला दिलं आहे. मला अजून अवघड जातं, जीभ अडखळते, पण सांगते. बाहेरच्यांना मात्र अजूनही सांगत नाही. लपवायचं ते लांबून येणाऱ्यांपासून. शेजारी राहतो त्याच्यापासून नाही.

त्या आंब्यावर पुन्हा कोणी आलं नाही. थंडी सरायला लागली, तुरमतीच्या घरट्याचे दिवस आले की देवाजीभाऊ रस्त्यात थांबतात. आता चिडवत नाहीत. ते विचारायच्या आधी मीच सांगते, "नाही आली, भाऊ."