मंगळसूत्र गिळणाऱ्या मोटारीचा अर्धवट इतिहास

आमच्या मुलाच्या, अनिकेतच्या लग्नात नवरीचं मंगळसूत्र मोटारीने गिळलं, याला मी जबाबदार नाही. हे माझं ठाम मत आहे. घरात या मताचा मी एकटाच आहे.

मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. टेंभुर्णीच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं. घरात कोणतीही वस्तू आली की मी आधी तिचा इतिहास वाचतो आणि मग तो घरच्यांना सांगतो. मिक्सर आणला तेव्हा त्याचा शोध कसा लागला हे मी बायकोला समजावत होतो आणि ती ओल्या मिरच्या हातात धरून उभी होती. (त्या दिवशी ठेचा पाट्यावरच झाला.) आणि मी जे सांगतो ते अगदी मुळापासून, क्रमाने सांगतो. मधलं काही गाळणं मला जमत नाही. त्यामुळे नोकरीच्या एकाही वर्षी पुस्तकातले शेवटचे दोन धडे शिकवून झाले नाहीत. दिवाळीची सुट्टी लागायची तेव्हा मी पहिल्या धड्याची पार्श्वभूमी संपवत आणलेली असायची.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी दिगंबरचा फोन आला. हा माझा जुना विद्यार्थी. दहावीला इतिहासात दोनदा नापास झाला. आज जालन्यात त्याचा लोखंडी सळ्यांचा कारखाना आहे.

“सर, नवरदेवासाठी गाडी पाठवून राह्यलो. न्हाई म्हणायचं न्हाई.”

“अरे, जीप सांगून ठेवलीय आम्ही.”

“जीप राहू द्या वऱ्हाडाला. माझी विलायती पाठवतो. रशीदभाई ड्रायव्हर संगं येतील. फक्त एक करा सर, गाडीला चिकटपट्टी, हार, फुगे, काही म्हणजे काही लावू देऊ नका.”

मग त्याने कंपनीचं नाव सांगितलं आणि मी खुर्चीत बसलो. ते नाव इथे लिहीत नाही, कारण आता आमचे आणि त्या कंपनीचे संबंध जरा नाजूक आहेत. पण राजेरजवाडे, बादशहा आणि सिनेनटांची गाडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जी येईल, तीच. पुढचे पंधरा दिवस बायको आचारी, मंडप आणि आहेर बघत होती आणि मी त्या कंपनीचा इतिहास वाचत होतो.

लग्न होतं हसनाबादला, मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. सकाळी गाडी दारात उभी राहिली आणि निम्मं टेंभुर्णी गोळा झालं. एवढा श्रोतृवर्ग मला नोकरीतही मिळाला नव्हता! मी ओट्यावर चढलो.

“ही कंपनी दोघांनी काढली. एक श्रीमंताघरचा, गाड्या विकणारा. दुसरा गरिबाघरचा, लहानपणी पेपर विकायचा. त्या दुसऱ्यानं एक गाडी विकत घेतली, ती खडखड वाजायची. म्हणून त्यानं सरळ स्वतःच गाडी बनवली.”

“ज्यानं खडखडी गाडी दिली त्याला आधी धरायचं ना!” अक्का म्हणाली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला मूलबाळ नाही. अनिकेतला अंगाखांद्यावर तिनेच वाढवला. नवरीचं मंगळसूत्र तिच्या ताब्यात होतं, कमरेच्या पिशवीत, वर सेफ्टीपिन लावून. त्यातली एक वाटी नवी होती आणि दुसरी आमच्या आईच्या मंगळसूत्रातली. आई गेल्यापासून ती वाटी अक्काने डब्यात, डबा पेटीत आणि पेटी कुलपात जपली होती. ती आज आईच्या नातसुनेच्या गळ्यात पडणार म्हणून अक्का आठ दिवस नीट जेवली नव्हती.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ती प्रसिद्ध गोष्ट काढली. विलायतेत दुकानदाराने एका राजाचा अपमान केला, म्हणून राजाने याच कंपनीच्या गाड्या घेतल्या आणि त्यांना झाडू बांधून कचरा उचलायला लावल्या! ही गोष्ट सगळीकडे सांगतात, फक्त राजा बदलतो. आमच्याकडे तो अर्थातच हैदराबादचा असतो. या गोष्टीला कसलाही पुरावा नाही, हे मी त्या गृहस्थाला सविस्तर पटवून दिलं. त्यात वीस मिनिटं गेली.

“बाळू, जल्दी कर,” अक्का मला म्हणाली. “राजूरला उतरायचंय. गणपतीच्या पायाला मंगळसूत्र लावायचंय मला.” मग तिचं लक्ष बोनेटच्या टोकाकडे गेलं. तिथे वीतभरही नसेल अशी एक चांदीसारखी बाई उभी होती, पंखांसारखा पदर मागे उडालेला, अंग पुढे झुकलेलं. “ही कोन रे?”

आता त्या बाईचा इतिहास मोठा आहे. पण निघायला उशीर झाला होता, म्हणून आयुष्यात प्रथमच मी थोडक्यात आटोपलं.

“त्यांची कुलदेवी समज,” मी म्हणालो.

अक्काने पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

गाडीत मागे अनिकेत आणि अक्का, पुढे मी आणि रशीदभाई. बाकीचं वऱ्हाड बायकोच्या देखरेखीखाली जीपमध्ये आणि दोन टेम्पोंत पुढे गेलं होतं. मी रशीदभाईंना त्यांच्याच गाडीचा इतिहास सांगायला घेतला. “सर, ये तो मेरेकू मालूमच नै था,” असं ते दर दोन किलोमीटरला म्हणत होते. (अत्यंत सभ्य माणूस!) राजूर आलं तेव्हा पावणेबारा वाजून गेले होते. उतरायला वेळच नव्हता. अक्काने काचेतूनच गणपतीला हात जोडले आणि नंतर माझ्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिली. हसनाबादची वेस आली तेव्हा मी पहिल्या महायुद्धापर्यंत पोचलो होतो.

आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो. तसा अनिकेत उतरून देवळात गेला, मागोमाग मी. बाहेर वाजंत्री सुरू झाली. गाडीपाशी राहिली अक्का आणि गावातल्या चार बायका. त्यातली एक म्हणाली, “मंगळसूत्र देवाच्या पायाला लावलं का?”

“राजूर हुकलं ना आमचं,” अक्का म्हणाली.

“मंग इथं लावा.”

“मारुतीच्या पायाला? मंगळसूत्र? ब्रह्मचारी देव हाय तो!”

सगळ्या बायकांना हे एकदम पटलं. देवीचं देऊळ गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, घड्याळात बारा दहा. आणि समोर, हाताच्या अंतरावर, एवढ्या मोठ्या कंपनीची कुलदेवी उभी होती!

अक्काने देवीला हळदीकुंकू लावलं. मंगळसूत्र दुहेरी करून तिच्या गळ्यात घातलं आणि डोळे मिटले. त्याच वेळी पलीकडच्या बाजूने, गाडीभोवती पोरांची गर्दी बघून रशीदभाईंनी खिशातल्या किल्लीचं बटण दाबलं आणि ते पाणी प्यायला गेले.

ही गाडी कुलूपबंद झाली की ती मूर्ती आपोआप बोनेटच्या आत जाते, वर झाकण बसतं. चोरीला जाऊ नये म्हणून केलेली सोय.

मी देवळातून बाहेर आलो तेव्हा अक्का ओरडत वगैरे नव्हती. बोनेटकडे बघत शांत उभी होती.

“बाळू,” ती म्हणाली, “तुझी देवी खाली गेली.”

“कुठं खाली?”

“मंगळसूत्र घेऊन गेली.”

“घेतलं! देवीनं घेतलं!” मागून एक बाई म्हणाली. दुसरीच्या मते हा कोप होता. तिसरी काही न बोलता नारळ घेऊन आली आणि फोडायला जागा शोधत बोनेटवर हात फिरवू लागली. तेवढ्यात रशीदभाई पळत आले.

“नारियल नको! आपा, बोनेट पे नारियल बिलकुल नको!”

त्यांनी बटण दाबलं. झाकण सरकलं आणि देवी संथपणे वर आली. कपाळावर हळदीकुंकू शाबूत, गळा मोकळा! बायकांनी पुन्हा हात जोडले. नारळवाली दोन पावलं मागे सरकली.

मी दिगंबरला फोन लावला.

“सर, बोनेटला हात लावू नका. ते आतलं काम कंपनीचाच माणूस खोलतो.”

“कुठं असतो तो?”

“मुंबईला.”

“मुहूर्त बारा पस्तीसचा आहे रे.”

दिगंबरने थोडा विचार केला. “मंग न्हाई जमायचं सर.”

मग मात्र मी सूत्रं हातात घेतली. “कुणाकडे लोहचुंबक आहे का, लोहचुंबक?” असं मी खणखणीत आवाजात विचारलं. वाजंत्री थांबली. दोघे तिघे खरंच शोधायला धावले.

“बाबा,” मुंडावळ्यांच्या आडून अनिकेत म्हणाला, “सोन्याला चुंबक चिकटत न्हाई.”

मी त्याला हळूच सांगितलं की विज्ञान हा माझा विषय नव्हता. एव्हाना अक्का देवळाच्या पायरीवर बसली होती. तिची समजूत काढावी म्हणून मी शेजारी बसलो.

“अक्का, मनाला लावून घेऊ नको. कोप वगैरे काही नाही. ती देवी नाहीच. एका साहेबाच्या कचेरीत काम करणारी बाई होती, तिच्यावरून ती मूर्ती घडवली. बिचारी पुढं बोटीत बुडून गेली.”

“सकाळी देवी व्हती,” अक्का म्हणाली, “दुपारी बुडाली?”

मी सदऱ्याची बाही नीट केली.

“एक सांग. ती खाली जाते हे तुला ठाव व्हतं का?”

“होतं.”

“मंग बोलला का न्हाईस?”

“ते अगदी शेवटी येतं गं, आधुनिक काळात. मी अजून पहिल्या महायुद्धातच होतो.”

अक्काने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. “आईची वाटी व्हती रे त्यात,” एवढंच ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने काढून टाकला.

बारा बावीस. मंडपातून आमचे व्याही धावत आले. त्यांना सगळं सांगावं म्हणून मी “त्याचं असं आहे, मुळात ही कंपनी...” अशी सुरुवात केली, तेवढ्यात बायकोही तिथे पोचली. तिने माझा दंड धरून मला बाजूला केलं आणि एका वाक्यात सगळं सांगितलं. बातमी फोनवरून नवरीपर्यंत गेली. ही आमची स्वाती जालन्याला एका बियाण्यांच्या कंपनीत नोकरी करते, तीही प्रयोगशाळेत. तिचा अनिकेतला उलट फोन आला. त्याने तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

“काय रडारड लावलीय तिकडं? पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून घेऊन या. माझ्या पणजीचं लगीन त्याच्यावरच झाल्तं आन् ती नव्वद वर्षं जगली. मुहूर्त चुकवू नका. आत्यांना म्हणावं, तो दोरा त्यांनीच वळायचा. दुसऱ्या कुणाच्या हातचा चालणार न्हाई मला.”

अक्काने डोळे पुसले आणि उठली. नारळवाल्या बाईच्या घरून हळकुंड आलं, सूत आलं. देवळाच्या पायरीवर, गाडीकडे पाठ करून, अक्काने दोरा वळला आणि हळदीत बुडवला. बारा पस्तीसला अक्षता पडल्या. हळकुंडाचं मंगळसूत्र स्वातीच्या गळ्यात पडलं तेव्हा अक्का हसत होती आणि तिची दहाही बोटं पिवळी होती. जेवणाच्या पंगतीत मला कुणीही काहीही विचारलं नाही. मी मुकाट्याने बुंदी खाल्ली.

गाडी जालन्याला गेली, तिथून ट्रकवर चढून मुंबईला. पंधरा दिवसांनी रशीदभाई टेंभुर्णीला आले. मखमली डबीत मंगळसूत्र होतं, दोन्ही वाट्या जागेवर, काळ्या मण्यांना जरासं ग्रीस. अक्काने ते रिठ्याच्या पाण्याने धुतलं, स्वातीच्या गळ्यात घातलं आणि आईची वाटी बोटाने सरळ केली.

“आईला जन्मात मोटारीत बसाया भेटलं न्हाई,” ती म्हणाली. “बघ बाळू, मुंबई फिरून आली.”

आम्ही सगळे हसलो, स्वाती सगळ्यात मोठ्याने. प्रकरण मिटलं, असं मला वाटलं. पण डबीसोबत कंपनीचा एक छापील कागदही होता, सगळा इंग्रजीत, आणि तोही यंत्रांच्या भाषेत. मी दिगंबरला फोन लावला.

“सर, तो दुरुस्तीचा कागद हाय. कंपनी असे सगळे कागद जपून ठेवते, शंभर वर्षं. त्याच्यात बिघाडाचं कारण लिहावं लागतं. रशीदभाईंनी जे पाह्यलं ते सांगितलं, कंपनीनं तसंच लिहिलं.”

“काय लिहिलंय?”

दिगंबर जरा घुटमळला. मग त्याने स्वतःकडच्या प्रतीवरून एका दमात मराठी करून वाचून दाखवलं. “कारण: नवरदेवाच्या वडिलांनी सर्व माहिती दिली, परंतु शेवटचा भाग सांगायचा राहिला.”

मी तो कागद उलटून मागची बाजू पाहिली.

“सर, राग मानू नका,” दिगंबर हळूच म्हणाला, “पण बोर्डाच्या परीक्षेला मला दोन्ही खेपेला शेवटचे दोन धडेच आल्ते.”

छत्तीस वर्षांच्या नोकरीत किती साहेब वर्गावर येऊन शेरे लिहून गेले, पण इतका बिनचूक शेरा माझ्यावर कुणीच मारला नव्हता. तो कागद मी फ्रेम करून भिंतीला लावलाय. येणाऱ्या पाहुण्याला मी त्याचा इतिहास सांगतो, आणि पाहुणा नेहमी शेवट ऐकायच्या आत उठून जातो.