मास्तरांच्या डावीकडची खुर्ची

आमच्या घरात कौतुकानं सांगतात, की मास्तरांचा उजवा डोळा जावयानं वाचवला. तो जावई म्हणजे मी. ऐकायला बरं वाटतं, नाही म्हणत नाही. पण उपकार कोणाचे कोणावर झाले, यात घरच्यांची गल्लत झाली आहे.

मास्तर म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं कोट शिवतात. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी शिलाई मशीन, मागे कापड बेतायचं मोठं टेबल. रविवारी दुपारी टेबलावरचं कापड उचललं, की पोकर सुरू. पैसे नाहीत, कोटाची बटणं. शेवटी ज्याच्यापुढे सगळ्यांत कमी बटणं, त्यानं दुकान झाडायचं आणि कपबश्या विसळायच्या. खेळणारे चौघं: मास्तर, शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशी, एक निवृत्त पोस्टमन, आणि लग्न झाल्यापासून मी.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करतो. तिथं प्रत्येक आकड्यापुढे तो किती असावा हे छापलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला तक्ता असावा असं मला मनापासून वाटतं. आमच्या पोकरमध्ये प्रत्येकाला हातात दोन पानं मिळतात, मग टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात. हातातल्या दोन पानांवर खेळायचं की ती टाकून द्यायची, याचा तक्ता मिळतो. मी तो प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात ठेवला होता. एक्का-राजा आला, खेळ. सत्ती-दुर्री आली, टाक. वर्षभर मी त्या तक्त्याबाहेर पाऊल टाकलं नाही आणि वर्षभर दुकान झाडलं. कारण मी बटणं पुढे सरकवली रे सरकवली, की मावशी म्हणायच्या, "जावईबापूंना पानं आली, पळा." तिघंही पानं टाकून मोकळे. चांगली पानं येऊन माझ्या पदरात पडायची दोन-तीन बटणं.

एका रविवारी मी केरसुणी हातात घेतली, तेव्हा मास्तरांनी मला बसवून घेतलं. भिंतीवर मापांचा जुना तक्ता टांगलेला होता: छाती इतकी तर खांदा इतका, बाही इतकी.

"हा नसता तर मला कात्री धरता आली नसती," ते म्हणाले. "पण नुसत्या ह्याच्यावरून कोट बेतला, तर कोणालाच बसत नाही. कोणाचा खांदा उतरलेला, कोणाला पोक. ते बघावं लागतं."

"पण पोकरमध्ये काय बघायचं?"

"तुमच्या तक्त्याला तुमची दोन पानं कळतात, जावईबापू. समोर कोण बसलंय हे त्याला काय कळणार? पोस्टमनसाहेब बटणं नीट रचून मग पुढे सरकवतात ना, तेव्हा त्यांच्याकडे काही नसतं. मावशी बोलायच्या थांबल्या, तर एक्का असला तरी टाका. आणि आपल्यानंतर कोणाची पाळी आहे, कोणाकडे किती बटणं उरलीत, हे आधी बघा. आपली पानं कुठं पळून जात नाहीत."

इतक्या शांतपणे मला आजवर कोणी काही शिकवलं नव्हतं. माझ्या वडिलांनी सायकलसुद्धा ओरडून शिकवली. त्या दिवसापासून मी माणसांकडे बघायला लागलो. पोस्टमनसाहेबांची थाप पहिल्यांदा पकडली, तेव्हा घरी येऊन बायकोला तो डाव तीनदा सांगितला. तिसऱ्यांदा ती झोपून गेली.

मग मास्तरांकडेही बघायला लागलो. मी त्यांच्या डावीकडे बसलो, की त्यांच्या खेळाची घडी विस्कटायची. मी बटणं वाढवली तरी ते लक्षातच न आल्यासारखे पुढे खेळायचे. मला वाटलं, सापडली यांची खोड. पुढचे दोन रविवार मी लवकर जाऊन डावीकडची खुर्ची अडवली आणि त्यांना चांगलं पाणी पाजलं. मास्तरांनी झाडलोट केली. मावशी हसून म्हणाल्या, "जावयाचे लाड चाललेत." मीही फुशारलो. आज ते आठवलं, की कान गरम होतात.

तिसऱ्या रविवारी टेबलावर पाच पानं उघडली होती. मास्तरांच्या डावीकडच्या टोकाला पहिलं पान, नव्वी. मी सगळी बटणं पुढे लोटली. मास्तरांनी जरा विचार केला आणि पानं उलटी न ठेवता उघडीच टाकली. "दोन नव्व्या घेऊन काय करायचं," ते म्हणाले. टेबलावरची धरून त्यांच्याकडे तीन नव्व्या होत्या. तिसरी त्यांच्या डावीकडे उघडी पडलेली होती. मावशी पुन्हा लाडांवरून बोलल्या, पोस्टमनसाहेब हसले. ज्याला मी खेळातली खोड समजलो होतो, ती खोड नव्हती.

बाकीचे गेल्यावर मी त्यांच्या डाव्या हाताशी काही बटणं ठेवली. "मास्तर, किती आहेत?"

ते समोरच बघत राहिले. मग म्हणाले, "मान वळवून सांगू, की न वळवता?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. चार महिन्यांपासून. डोळे बिघडलेत म्हटलं तर मुलगी कात्री काढून घेईल, आणि कात्री गेली की आपलं काय राहिलं, या भीतीनं त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मी विनवलं, मग चिडलो, शेवटी बायकोला फोन लावायची धमकी दिली. दुसऱ्या दिवशी आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात होतो.

काचबिंदू निघाला. डावा डोळा बराचसा गेला होता, तो परत येणार नव्हता. उजव्याला नुकती सुरुवात होती. रोज थेंब घातले, तर आहे ते टिकेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणखी थोडे महिने काढले असते, तर त्यांनाही फार काही करता आलं नसतं. माझा जीव भांड्यात पडला.

बाहेर बाकावर बसलो, तेव्हा मला राहवलं नाही. "मास्तर, ते दोन रविवार... तुम्हाला डावीकडचं कळत नाही, हे मला दिसत होतं. मी मुद्दाम तिथं बसत होतो."

"माहीत आहे."

"मग मला उठवलं का नाही?"

त्यांनी थेंबांची बाटली उजव्या डोळ्याजवळ धरून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचून पाहिली. मग सावकाश बोलले.

"आपणहून सांगायची हिंमत नव्हती हो. बरोबर तीच खुर्ची धरून तुम्ही मला हरवायला लागलात. रात्री घरी जाऊन घाबरायचो, की आता हा पकडणार. आणि रविवारी तुम्ही पुन्हा तिथंच येऊन बसलात, की बरं वाटायचं."